निरोप्या आणि कामकरी

डिलाईल रोडपासून जवळच, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, १८९९ साली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. त्यांच्या लशीत मारलेले जंतूच असत. २०२२ साली मान्यता मिळालेल्या पुण्याच्या ‘जेनोव्हा’च्या कोविड लशीत मात्र संदेशवाहक आरएनए होता, म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारा निरोप्या. आरएनए म्हटले की आता तोच आठवतो. आम्हाला ही इतिहासाची जुनीच खोड वाटते. सस्तन प्राण्यांच्या पेशीतला सुमारे ८० टक्के आरएनए रायबोसोमचा असतो (गिरणगावाला हे प्रमाण ओळखीचे वाटावे!). निरोप्या १९६१ मध्येच सापडला. प्रथिनाचे सांधे रायबोसोमचा आरएनएच जुळवतो, हे रचनेतून दिसायला २००० साल उजाडले. वाहक आरएनए अमिनो आम्ले पुरवतो, सूक्ष्म आरएनए निरोपच दडपतो. ‘झिस्ट’ तर एकही प्रथिन घडवत नाही. मादीच्या पेशीतले एक एक्स गुणसूत्र तो गप्प करतो.