नावडते पात्र आणि प्रेक्षकांचा कौल

"ती बाई पडद्यावर आली की मी उठतेच. भाजी निवडलेली बरी!" हे वाक्य ऐकले नाही असे घर आपल्या भंडारा शहरात क्वचितच सापडेल. मालिका तीच, वेळ तीच, घरची माणसेही तीच. परंतु एका पात्राचा असा तिटकारा बसतो की चांगली चाललेली मालिका माणूस सोडून देतो. ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही, असे आम्हांस वाटते. प्रेक्षक उठून जातो, तेव्हा तो एक प्रकारचा न्यायनिवाडा करीत असतो. तो निवाडा कशाविरुद्ध असतो आणि त्याची दाद कोठे लागते, याला एक इतिहास आहे. तो इतिहास आपल्याच जिल्ह्यातून पाहावयास लागू.

पहिला समज असा की, पात्र दुष्ट असते म्हणून प्रेक्षक त्याला विटतो. हा समज खरा असता, तर आपल्या झाडीपट्टीत एकही नाटक पहाटेपर्यंत टिकले नसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या मुलखास आपण झाडीपट्टी म्हणतो. यांपैकी गोंदिया १९९९ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. धान कापून घरात आले, दिवाळीची भाऊबीज झाली, की गावोगावच्या मंडया सुरू होतात. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात, सोयरिकींची बोलणी निघतात, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असते. शंकरपटाच्या गावीही नाटक हवेच. अलीकडे यांतील बहुतेक नाटक कंपन्यांचे ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज-वडसा येथे आहे. गावकरी तेथे जाऊन प्रयोग ठरवितात आणि गावात मंडप घालून तिकिटे विकतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतील पुष्कळांना या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकू आले.

या नाटकांतील खलनायक कसा असतो, हे आपणांस सांगावयास नको. सावकार, गावगुंड, सुनेला छळणारी सासू, भावाचे शेत लुबाडणारा भाऊ, अशी ही मंडळी. त्यांच्या दुष्टपणास मोजमाप नसते. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया खलनायकाला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या मोजतात. मागून शिट्या वाजतात. तरीही थंडीच्या रात्री घोंगडी लपेटून बसलेला हा समाज उठत नाही. का उठत नाही? कारण त्याला ठाऊक असते की उजाडावयाच्या आत या माणसाचा हिशेब होणार आहे. तो हिशेब पाहिल्यावाचून घरी जाणे म्हणजे पेरणी करून कापणी सोडून देणे. दुसरे असे की, आपली शिवी त्याला ऐकू गेली, याचे समाधान प्रेक्षकास असते. नटालाही ती शिवी ही बिदागीच वाटते.

मराठी रंगभूमीचा मोठा इतिहास हेच सांगतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातील भारतमाता, हे प्रेक्षकांनी न सांगता ओळखले. कीचकाचा संताप येई म्हणून कोणी नाटकगृह सोडले नाही. उलट तो संताप अनुभवण्यासाठीच लोक जात. अखेर हा संताप परवडत नाही असे पाहून सरकारनेच १९१० साली नाटकावर बंदी घातली. राम गणेश गडकऱ्यांचे देहावसान जानेवारी १९१९ मध्ये आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेर येथे झाले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. त्यातील तळीराम हा सुधाकरचा आणि सिंधूचा संसार बुडविण्यास निमित्त होणारा माणूस. परंतु त्याच्या प्रवेशास प्रेक्षक हसतो, हसता हसता त्याला भीती वाटते, आणि तो खिळून राहतो. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' या १९६२ सालच्या नाटकात तर भामटा लखोबा लोखंडे हाच मध्यभागी उभा आहे. प्रभाकर पणशीकरांनी तो हजारो वेळा उभा केला आणि लोकांनी तो पुनःपुन्हा पाहिला. समोर न्यायासन होते, साक्षीदार येत होते, भामट्याचे सोंग एकेक करून उघडे पडत होते. मग प्रेक्षकाने उठावे कशासाठी?

तेव्हा पात्राच्या दुष्टपणामुळे प्रेक्षक पळतो, हे खरे नाही. मग तो कशाने पळतो? याचेही उत्तर झाडीपट्टीतच आहे. आपल्या नाटकांत कथानकाशी संबंध नसलेली विनोदी जोडी आणि मध्येच घातलेली नाचगाणी यांची जुनी चाल आहे. ती प्रमाणात असली तर रात्र सरते. परंतु पुढे पुढे द्वयर्थी विनोद आणि नाच यांनी नाटकालाच गिळले, अशी तक्रार कुटुंबवत्सल प्रेक्षक करू लागला. बायामुलांना घेऊन आलेला माणूस उठतो, तो खलनायकामुळे नव्हे, तर गोष्टीला नको असलेल्या पाहुण्यामुळे. म्हणजे नकोसे पात्र ते, ज्याने गोष्ट पुढे जात नाही आणि जे संपतही नाही.

याला साता समुद्रापलीकडचाही दाखला आहे. अमेरिकेतील 'डॅलस' या मालिकेत जे. आर. युइंग नावाचा एक अत्यंत कपटी तेलसम्राट होता. त्याच्यावर गोळी कोणी झाडली, हे उघड करणारा भाग नोव्हेंबर १९८० मध्ये दाखविला, तेव्हा आठ कोटींहून अधिक लोक पडद्यापुढे बसले होते, असा अंदाज आहे. उलट 'स्कूबी-डू' या मुलांच्या चित्रमालिकेत १९७९ साली स्क्रॅपी-डू नावाचे एक कुत्र्याचे पिल्लू आणले. मालिकेचा प्रेक्षक घटत होता, तो वाढावा म्हणूनच ते आणले होते आणि आरंभी ते उपयोगीही पडले. ते पिल्लू दुष्ट नव्हते, शूर होते, पण जिकडेतिकडे पुढे पुढे करी. पुढे लोकांना त्याचा इतका वीट आला की, गोष्टीत लुडबुड करणाऱ्या कोणत्याही नकोशा पात्राला त्याचेच नाव देण्याचा प्रघात तिकडे पडला. कपटी माणसासाठी देश जागा राहिला आणि निरुपद्रवी पिल्लाला लोक विटले, यावरून काय तो बोध घ्यावा.

आता आपल्याकडील दूरचित्रवाणीकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतरच्या काही वर्षांत देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि लहान गावांतील घरांवरही उंच अँटेना दिसू लागल्या. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली. कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांच्या गळी उतरवावेत, या हेतूने ती काढलेली होती. आरंभीच्या भागांतील उपदेशाला प्रेक्षक कंटाळला. तेव्हा कर्त्यांनी उपदेशाचे प्रमाण कमी केले आणि कुटुंबाच्या सुखदुःखाला अधिक जागा दिली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत, आणि लोकांची पत्रे लाखांनी येत. म्हणजे मंडईतील शिवी आणि शिटी यांची जागा पोस्टाच्या पत्राने घेतली. उत्तर उशिरा पोहोचे, पण पोहोचे.

याच मालिकेत भागवंती ही सोशिक आई होती. बाईने किती सोसावे, हे पाहून लोकांनी विचार करावा, असा कर्त्यांचा हेतू. परंतु पुष्कळ प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियांनाही, तीच आदर्श वाटली. नावडते काय आणि आवडते काय, हे लेखकाच्या हातात पुरते राहत नाही, याचा हा पुरावा आहे. पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या मध्यापर्यंत 'महाभारत' चालले. शकुनी झालेले गुफी पेंटल यांना संतप्त प्रेक्षकांची धमकीची पत्रे आल्याची आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. तरी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्याचा राग, त्याच्यासाठीच डोळे लागलेले! कारण चौऱ्याण्णव भागांच्या आत कुरुक्षेत्र येणार होते, हे आबालवृद्धांस ठाऊक होते.

यानंतर जे घडले, ते इतिहासात नवे होते. खासगी वाहिन्या आल्या, मालिका आठवड्याची होती ती रोजची झाली, आणि तिला शेवट राहिला नाही. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ साली सुरू झाली, ती २०१३ च्या जानेवारीत संपली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडींसारख्या अभिनेत्रीची ती कर्तबगार सासू लोकांच्या घरातलीच झाली, हे आम्ही मान्य करतो. परंतु रोजच्या मालिकेचे गणित ध्यानी घ्यावे. खलपात्राचा हिशेब झाला की गोष्ट संपते, आणि गोष्ट संपली की जाहिरात थांबते. म्हणून हिशेब पुढे ढकलावयाचा. तो ढकलण्यासाठी सज्जन पात्रांना आंधळे आणि बहिरे करावे लागते. दाराआडून कट ऐकू येतो, पण सून बोलत नाही. कागद हाती लागतो, पण वाचला जात नाही. अशा वेळी घरातील बाई उठते, ती खलनायिकेवर रागावून नव्हे. आपल्याला मूर्ख ठरविले जात आहे, हे तिला कळते म्हणून ती उठते.

आपल्या भागाशी नाते सांगणारे उदाहरण 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेचे. ती २०१६ ते २०२१ अशी चालली. तिची नायिका राधिका ही नागपूरकडची, आपल्या वळणाने बोलणारी. आपली बोली मराठी मालिकेत मध्यभागी आली, याचे इकडे कौतुक झाले, तशीच बोलीच्या नकलेबद्दल कुरकूरही झाली. परंतु आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. संसार मोडणारा होता नवरा गुरुनाथ. पण पारावर आणि ओट्यावर रोष ऐकू येई तो मुख्यतः शनायावर. मालिकेच्या नावातच भांडण दोन बायकांत लावून दिलेले होते. नावडते पात्र निवडताना समाज आपलाही पूर्वग्रह त्यात घालतो. कैकेयीला आपण पिढ्यान्‌पिढ्या बोल लावतो, आणि वर देऊन बसणाऱ्या दशरथाची कीव करतो. तेव्हा एखादे पात्र पाहून उठण्यापूर्वी क्षणभर आपल्या रागालाही विचारावे की बाबा, तू योग्य माणसावर आला आहेस ना?

आणि उठलो, तर ते कळते कोणाला? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मालिकांचे भवितव्य ठरते ते काही निवडक घरांत बसविलेल्या मापकयंत्रांवरून. ही मोजणी करणाऱ्या 'बार्क' या संस्थेने ग्रामीण घरे हिशेबात घेण्यास आरंभ केला तो २०१५ साली. तोपर्यंतच्या मोजणीत आपल्या लाखांदूर-पवनीकडच्या खेड्यांना मतच नव्हते. आजही यंत्राला एवढेच कळते की संच चालू होता. तो प्रेमाने चालू होता, की दात-ओठ खात, की स्वयंपाकघरात आवाज यावा म्हणून, हे त्याला कळत नाही. शिव्या घालीत पाहणारा प्रेक्षक आणि डोळे पुशीत पाहणारा प्रेक्षक त्याच्या वहीत सारखेच. मग चिडविणारे पात्र आणखी सहा महिने ठेवले, तर नवल कसले? उठून गेलेल्या प्रेक्षकाची मात्र तेथे कारणासह नोंद नाही.

मंडईच्या मंडपात असे होत नव्हते आणि होत नाही. तेथे प्रेक्षक उठला, तर नटाला रिकामी जागा दिसते. गावकऱ्यांना गल्ल्यात ती दिसते. पुढल्या वर्षी त्या कंपनीकडे जावयाचे की दुसरीकडे, हे त्यावर ठरते. शहराने ज्या रंगभूमीला अडाणी म्हटले, तिच्यात प्रेक्षकाचा शब्द चालतो. आणि ज्या यंत्राला आपण प्रगत म्हणतो, त्याच्यापुढे बसलेला प्रेक्षक मुका आहे. दंडारीपासून रोजच्या मालिकेपर्यंतच्या वाटेत आपण पुष्कळ मिळविले, पण हे एक गमावले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. नावडत्या पात्राला भिऊ नये. कीचक हवा, तळीराम हवा, शकुनी तर हवाच. त्यांच्यावाचून भीमाची, सिंधूची आणि पांडवांची किंमत कशी कळावी? फक्त त्यांचा हिशेब ठरल्या वेळी चुकता व्हावा, आणि त्या हिशेबात आपला आवाज असावा. ज्या मालिकेत तो होत नाही, ती बंद करून भाजी निवडावी हे उत्तम. पण का बंद केली, ते शेजारणीस सांगावे, लेकी-सुनांस सांगावे, जमल्यास वाहिनीस चार ओळी लिहून कळवावे. आणि येत्या भाऊबीजेनंतर जवळच्या मंडईत एक रात्र जाऊन बसावे. खलनायक रंगमंचावर आला की मोकळ्या गळ्याने ओरडावे. तो ऐकेल.