विंध्य पर्वतातील कवचे आणि शंभर कोटी वर्षांचा वाद

संधिपाद प्राण्यांचा वंशवृक्ष खडकांत मागे शोधत गेल्यास सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वीचे ट्रायलोबाइट भेटतात. त्यांच्याही खालच्या थरांत मिलिमीटरभर आकाराची कवचे सापडतात. ती दिसली की खडक कँब्रियन कालखंडाच्या आरंभीचा मानावा, अशी रूढी आहे.

ऑक्टोबर 1998 मध्ये या रूढीची भारतात कसोटी लागली. झायलाखर, बोस आणि फ्ल्यूगर यांनी ‘सायन्स’मध्ये मध्य प्रदेशातील चोरहाट वालुकाश्मात शंभर कोटी वर्षांहून जुनी, कृमिसदृश प्राण्यांची बिळे असल्याचे मांडले. त्याच महिन्यात बंगळुरूच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील रफत अझमी यांचा शोधनिबंध आला. चोरहाटच्याही वर असलेल्या रोहतास चुनखडकात त्यांना कँब्रियन कवचे मिळाली होती! पहिला दावा खरा तर प्राण्यांचा इतिहास दुप्पट लांबतो. दुसरा खरा तर विंध्य खडकांचेच वय निम्म्याने घटते. अझमींचे जीवाश्म इतरांना सहजी सापडेनात. हिमालयातील बनावट जीवाश्मांचे प्रकरण ताजे असल्याने संशयही बळावला.

निर्णय दिला तो झिरकॉनने. ज्वालामुखीच्या राखेतील हा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळपास नाकारतो. पुढे त्यात साठलेले शिसे म्हणजे काळाची नोंदच. 2002 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या राखेचे वय सुमारे 163 कोटी वर्षे काढले.

मग अझमींनी पाहिले काय? स्टॉकहोमच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूटजवळ नव्याने नमुने गोळा केले. 2009 मध्ये त्यांनी जाहीर केले की जीवाश्म खरे आहेत, पण ते कँब्रियन नाहीत. त्याच फॉस्फेटी खडकाचे वय 165 कोटी वर्षांच्या आसपास आले, आणि भ्रूणासारखे गोळे म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चिकट थरात अडकलेले वायूचे बुडबुडे ठरले. निरीक्षण पक्के, कालनिर्णय चुकीचा, असे हे प्रकरण होते; संशय घेणाऱ्यांनी दोहोंत फरक करायला हवा होता.

क्ष-किरण टोमोग्राफीने तंतूंची आतली रचना दिसल्यावर 2017 मध्ये त्यांतील एकाचे तांबड्या शैवालाशी नाते सुचवण्यात आले. त्याचे नाव रफतअझमिया चित्रकूटेन्सिस. चोरहाटच्या ‘बिळां’ना मात्र इतक्या जुन्या वयामुळे प्राण्यांची मानणे कठीण झाले आहे.