तापात 'निघालेला' थायरॉईड: प्रस्तावना

आषाढात कर्जत-खालापूरच्या खाचरांत आवणी सुरू झाली की माणसं दिवसभर पोटऱ्यांपर्यंत चिखलात असतात. उंदरा-गुरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांवाटे, लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू अंगात शिरतो. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. समजा, अशी एक पस्तिशीची बाई उल्हासकाठच्या वाडीवरून तालुक्याच्या गावी दवाखान्यात आली. काविळीची शंका म्हणून रक्त तपासायला गेलं आणि लॅबच्या 'पॅकेज'मध्ये थायरॉईडही होता. टी-३ बराच खाली, टी-४ ठीक, टीएसएच किंचित कमी. संध्याकाळी वाडीवर निरोप गेला: "तापाबरोबर थायरॉईडपण निघाला."

तो खरंच निघाला का? या साध्या प्रश्नातून वैद्यकाची एक मोठी अभ्यासशाखा वाढली आहे. तिच्याकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, तालुक्यातल्या डॉक्टरसाठी आणि कुतूहल असलेल्या कोणाही वाचकासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात थायरॉईड ग्रंथीच्या दोन संप्रेरकांपासून करू. टी-४ म्हणजे कणगीतलं भात, टी-३ म्हणजे कांडलेला तांदूळ. ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. पेशींच्या कामी येतं ते टी-३, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेर, यकृत-मूत्रपिंडांसारख्या अवयवांत, टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढून तयार होतं. अणू भलत्या बाजूचा निघाला तर हाती कोंडा येतो. त्याचं नाव रिव्हर्स टी-३. एडवर्ड केंडॉल यांनी टी-४ स्फटिकरूपात वेगळं केलं ते १९१४ च्या नाताळात. टी-३ सापडायला १९५२ उजाडलं. ते ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांचं काम. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या इंदर चोप्रा यांनी १९७४ मध्ये रिव्हर्स टी-३ रक्तात मोजण्याची पद्धत मांडली, आणि तापकऱ्याच्या रक्तात काय चाललंय ते उलगडू लागलं.

न्यूमोनिया असो, विषमज्वर असो की लेप्टो; संसर्ग तीव्र झाला की इंटरल्यूकिन-६ सारखी दाहाची रसायनं रक्तात उसळतात. कांडणारी विकरं मंदावतात, टी-३ पहिल्या दिवसभरातच उतरू लागतं आणि रिव्हर्स टी-३ साचतं. एरवी टी-३ घटलं की मेंदूतून टीएसएचचा, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, तगादा वाढतो. इथं मेंदूही गप्प बसतो. आजार फार गंभीर झाला तर टी-४ देखील घसरतं, आणि ते चांगलं लक्षण नव्हे. एवढं सगळं होत असताना ग्रंथी बहुधा धडधाकट असते.

जिवाणू थेट ग्रंथीत शिरून पू होणं दुर्मीळ. जाड आवरण, भरपूर रक्तपुरवठा आणि आयोडीनचा साठा तिला राखतात. लहान मुलाच्या गळ्याला डाव्या बाजूला असं गळू वारंवार झालं, तर घशातून ग्रंथीपर्यंत आलेली जन्मजात वाट शोधावी.

टी-३ उतरणं ही शरीराची काटकसर की बिघाड, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. उपाशी माणसातही ते उतरतं, म्हणून काटकसरीची बाजू जड वाटते. जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या संप्रेरकांतून सुटलेलं आयोडीन शस्त्रासारखं वापरत असाव्यात, हा विचारही रोचक आहे. पण संप्रेरक बाहेरून देण्याबद्दलचा पुरावा बोलका आहे: ब्रेंट आणि हर्शमन यांनी अत्यवस्थ रुग्णांना टी-४ देऊन पाहिलं (१९८६); मृत्यूंचं प्रमाण उतरलं नाही.

खरी फसगत बरं होताना होते. ताप गेल्यावर टीएसएच उसळी घेतं, कधी २० पर्यंतही जातं. आपल्या बाईचं रक्त तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासलं आणि ९ आलं, तर तिच्या नावावर थायरॉईडची जन्मभराची गोळी लागू शकते. म्हणून बरं झाल्यावर सहा आठवडे थांबून तपासावं. अपवादही ध्यानात असू द्यावेत. गलगंड, मंद नाडी, थंड पडलेलं अंग किंवा २० च्या वर गेलेलं टीएसएच दिसलं तर खरा थायरॉईडविकार शोधायलाच हवा. तो आधीपासून असेल तर संसर्गानं जिवावर बेतू शकतं. आणि ज्यांची गोळी आधीच चालू आहे, त्यांनी ती तापात सोडू नये.

पुढे आलेखांची आणि किचकट नावांची गर्दी भेटेल, बिचकू नका. थायरॉईडचा कागद हाती आला की आकड्याआधी तारीख वाचा, आणि त्या दिवशी माणूस तापात होता का, एवढं विचारा.