खेळण्यातलं चुंबक पोटात गेलं तर? पालकांनी माहीत करून घ्यावं असं सगळं

देवळाली प्रवरा : ईदीचे पैसे हातात आले की मुलांचे पाय आधी खेळण्यांच्या गाड्याकडे वळतात. उरुसात, जत्रेत, आठवडे बाजारात तेच. या गाड्यांवर आता चुंबकाची खेळणी भरपूर दिसतात. हवेत उडवून पकडली की किर्रर्र वाजणारी लांबट गुळगुळीत चुंबकं, एकमेकांना चिकटणाऱ्या छोट्या चकचकीत गोळ्या, गळाने मासे पकडायचा खेळ, चुंबकी अक्षरं, घडीचा बुद्धिबळ. मूल तासन् तास रमतं, मोबाईल मागत नाही, म्हणून अम्मी-अब्बाही खूश. पण याच खेळण्यातली दोन चुंबकं पोटात गेली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

पूर्वी खेळण्यात काळं, ठिसूळ चुंबक असायचं. आपल्या पिढीने जुना रेडिओ फोडून स्पीकरमधून काढलेलं, तेच. त्याची ओढ बेताची. 1980 च्या दशकात निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्यापासून चुंबक बनवण्याची पद्धत निघाली. हे चुंबक जुन्यापेक्षा साधारण दहापट ताकदीचं. त्यामुळे ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, 5 मिलिमीटरच्या गोळीतही एवढी ओढ येते की दोन गोळ्या सोडवताना मोठ्या माणसाची नखं दुखतात. वरून निकेलचा मुलामा, म्हणून त्या चांदीच्या मण्यासारख्या दिसतात. लहान मुलाला ती गोळी म्हणजे मिठाईवरचा चांदीचा दाणाच वाटतो.

पोटात नेमकं काय होतं

नाणं गिळलं, मणी गिळला, तर बहुतेक वेळा तो शौचावाटे निघून जातो. एकच चुंबक गेलं आणि सोबत दुसरं काही धातूचं नसेल, तर तेही पुष्कळदा तसंच जातं. अडचण दुसऱ्या चुंबकाची आहे.

मुलाने एक गोळी आत्ता गिळली आणि दुसरी तासाभराने, असं समजा. पहिली तोवर आतड्यात पुढे गेलेली असते, दुसरी मागे असते. आतडं म्हणजे घड्या घालून ठेवलेली लांब नळी. दोन गोळ्या दोन वेगळ्या घड्यांत असल्या तरी भिंतीपलीकडून एकमेकींना ओढतात आणि चिकटतात. मधे आतड्याच्या दोन भिंती चिमट्यात सापडतात. तिथला रक्तपुरवठा थांबतो, ती जागा सडायला लागते आणि भोक पडतं. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत सांडते, जंतुसंसर्ग रक्तात जातो. कधी आतड्याला पीळ बसतो, कधी दोन घड्यांत भलतीच वाट तयार होते. मग पोट उघडून आतड्याचा तुकडा कापून काढण्याशिवाय डॉक्टरांकडे इलाज राहत नाही. एक चुंबक आणि एक लोखंडी छर्रा किंवा स्क्रू गेला तरी हेच होतं.

आपल्याकडे गाईगुरं घरोघरी, त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो. गाईने तार-खिळा खाल्ला तर जनावरांचे डॉक्टर तिला चुंबक खाऊ घालतात, मग मुलाला काय होतंय? ते चुंबक बोटाएवढं मोठं असतं, एकटं असतं, आणि गाईच्या जाळीदार पोटातच पडून राहतं, आतड्यात उतरत नाही. तार-खिळे तिथेच धरून ठेवणं हेच त्याचं काम. मुलाच्या पोटाशी त्याची तुलना होत नाही.

लक्षणं फसवी असतात

सुरुवातीचे काही तास, कधी एक-दोन दिवसही, मूल अगदी ठीक दिसतं. खेळतं, जेवतं. नंतर पोट दुखतं, उलट्या होतात, ताप येतो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मेडिकलमधून औषध आणलं जातं, ओवा दिला जातो, आणि आत भोक मोठं होत राहतं. गिळलेलं मूल बोलत नाही हाही भाग आहेच. लहानाला सांगता येत नाही आणि मोठं माराच्या भीतीने लपवतं. म्हणून खेळण्यातली गोळी कमी दिसली की ‘कुठंतरी पडली असेल’ म्हणून सोडू नका. मुलाला न रागावता विचारा. शंका असेल तर एक्स-रे काढणं स्वस्तात पडतं.

फक्त लहानग्यांवर लक्ष ठेवून भागत नाही. आठवी-नववीतली मुलं-मुली जिभेच्या वर आणि खाली एकेक गोळी लावून टोचल्याचा आव आणतात, व्हिडिओ काढतात, आणि गोळ्या घशात जातात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने मे 2021 मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. तिथे आधीच्या तीन वर्षांत किमान 65 मुलांवर चुंबकं गिळल्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली होती. दोन नाकपुड्यांत एकेक गोळी घालणं हाही एक ‘खेळ’ आहे. त्यात नाकाचा मधला पडदा चिमटला जातो आणि त्याला भोक पडू शकतं.

खेळणं नसलेली चुंबकं

ही गोष्ट आपल्या घरांत जास्त लागू पडते. हिजाब, स्कार्फ लावताना टाचणी दातात धरायची सवय असते आणि बोलता-हसताना ती श्वासनळीत जाते. डॉक्टरांच्या पुस्तकांत याची स्वतंत्र नोंद आहे. म्हणून बऱ्याच जणींनी टाचणी सोडून चुंबकाची पिन घेतली. कापडही फाटत नाही. निर्णय चांगलाच आहे, पण ती पिन म्हणजे निओडिमियमच्या दोन चकत्या. रात्री काढून उशीजवळ ठेवली की सकाळी रांगणाऱ्या बाळाच्या हाती लागते. आरशाशेजारी उंचावर एक झाकणाचा डबा ठेवा, त्यातच ती जाऊ द्या. दातात धरायची सवय मात्र चुंबकाच्या पिनेलाही चालणार नाही.

मोबाईलचा गाडीतला स्टँड, पर्सचं बटण, न टोचता लावायची कानातली, बिघडलेल्या इअरफोनमधलं बारीक चुंबक, फ्रिजवरची चित्रं, हीसुद्धा याच जातीची. रिपेअरिंगचं काम घरातच चालत असेल तर काढलेली चुंबकं खोक्यात उघडी राहतात, तिकडे बघा. दादा-नानांच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर जोरदार चुंबक त्यांच्या छातीपासून किमान वीतभर लांब असू द्या.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत 2005 मध्ये वीस महिन्यांचं एक बाळ दगावलं. मोठ्या भावंडाच्या जोडणीच्या खेळण्यातून निखळलेली चुंबकं त्याने गिळली होती. ‘मॅग्नेटिक्स’ नावाचं ते खेळणं कंपनीने मार्च 2006 मध्ये परत मागवलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2007 मध्ये, मॅटेल कंपनीने जगभरातून 1 कोटी 82 लाख चुंबकी खेळणी मागे घेतली. 2009 मध्ये ‘बकीबॉल्स’ या गोळ्या मोठ्यांचा टेबलावरचा विरंगुळा म्हणून बाजारात आल्या आणि अर्थात मुलांच्या हाती गेल्या. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये अशा गोळ्यांवर बंदी घातली. अमेरिकेचा नियम 2016 मध्ये न्यायालयाने रद्द केला. त्यानंतर तिथल्या विषबाधा केंद्रांकडे येणारे फोन कित्येक पटींनी वाढले, आणि 2022 मध्ये नवा नियम करावा लागला. तिथल्या सरकारी आकड्यांनुसार 2017 ते 2021 या काळात वर्षाला सुमारे 2,400 जणांवर चुंबक गिळल्यामुळे इमर्जन्सी विभागात उपचार झाले.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आयएस 9873 या मानकात चुंबकाची अट आहे : गिळता येईल एवढं, म्हणजे साधारण सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावणारं सुटं चुंबक असेल, तर त्याची ताकद ठरलेल्या मर्यादेच्या आतच हवी. मार्कजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा नंबर असतो. तो मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. विनामार्क खेळणी विकणाऱ्याला पहिल्याच वेळी किमान 2 लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रत्यक्षात गाड्यावरच्या पिशवीत मार्क शोधून सापडत नाही. ऑनलाईन तर याच गोळ्या ‘टेन्शन घालवायला’ म्हणून विकतात, म्हणजे त्या खेळणीच ठरत नाहीत आणि नियमाच्या बाहेर राहतात. ही पळवाट सरकारने बंद करायला हवी. तोवर घरात लहान मूल असेल तर सुट्या गोळ्यांचं खेळणं आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चुंबकी फरशा किंवा अक्षरं घेतलीच तर चुंबक प्लास्टिकच्या आत पक्कं बंद आहे ना, हे दर काही दिवसांनी तपासा. तडा गेलेला तुकडा त्याच दिवशी काढून टाका.

गिळलंच तर

वाट पाहू नका. केळी, भात, एरंडेल, मिठाचं पाणी यातलं काहीच देऊ नका. उलटी करवू नका. ‘केळी खाल्ली की निघून जातं’ हा सल्ला वडीलधारे प्रेमाने देतात, पण इथे तो महागात पडतो. डॉक्टरांना भूल द्यावी लागू शकते, त्यासाठी पोट रिकामं असलेलं बरं. (घड्याळाच्या बटण सेलबाबत एक वर्षावरील मुलाला दवाखान्यात नेताना मध चाटवायला सांगतात. तो नियम इथे लावू नका.) उरलेली चुंबकं किंवा खेळण्याची पिशवी सोबत घ्या. किती होती, किती राहिली, कधी गिळली असावीत, हे लिहून ठेवा.

गाडी नसेल तर 108 ला फोन करा. देवळालीहून राहुरी, श्रीरामपूर जवळ पडतं. मोठ्या उपचारासाठी लोणीचं प्रवरा रुग्णालय किंवा नगरचं जिल्हा रुग्णालय. निघतानाच फोन करून विचारा, की लहान मुलांसाठी दुर्बिणीची सोय आणि सर्जन आत्ता हजर आहेत का. रात्रीच्या वेळी या एका फोनने तास-दोन तास वाचतात.

पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘पोट दुखतंय’ असं नको, ‘चुंबक गिळलंय’ असं सांगा. एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही काढायला सांगा. चिकटलेली दोन-तीन चुंबकं एका बाजूने एकच दिसतात. एमआरआय मात्र अजिबात होऊ देऊ नका. चुंबकं जठरात असेपर्यंत बहुधा दुर्बिणीने, न कापता निघतात. आतड्यात उतरली की लागोपाठ एक्स-रे काढून बघावं लागतं, आणि ती जागची हलत नसतील तर ऑपरेशन. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. दाखल करतानाच त्यांना भेटा. रेशनकार्ड आणि आधार घरून कोणाला तरी पाठीमागून आणायला सांगा, त्यासाठी मुलाला थांबवून ठेवू नका.