मोबाईल दरयुद्ध : ग्राहक, गुंतवणूकदार आणि कर्मचारी

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संवाद साधला आणि देशात मोबाईल सेवेला प्रारंभ झाला. त्या काळी मोबाईलवरून बोलण्यासाठी मिनिटाला सुमारे १६ रुपये मोजावे लागत. आलेला कॉल घेण्यासाठीही शुल्क पडे. आज महिन्याचे पॅक घेतल्यावर देशात कोठेही बोलण्यासाठी मिनिटांचा हिशेब ठेवावा लागत नाही. या दोन टोकांमधील अंतर तंत्रज्ञानाइतकेच कंपन्यांमधील दरयुद्धांमुळे कापले गेले. मात्र या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न ग्राहकाच्या बिलावरून सुटत नाही. त्यासाठी गुंतवणूकदार आणि कर्मचारी यांचाही हिशेब पाहावा लागतो.

दर इतके खाली का येतात?

मोबाईल सेवेचा बहुतांश खर्च आधीच करावा लागतो. मनोरे उभारणे, यंत्रसामग्री बसवणे आणि सरकारकडून स्पेक्ट्रम, म्हणजेच रेडिओलहरींचा पट्टा, विकत घेणे यांसाठी हजारो कोटी रुपये लागतात. मात्र एकदा जाळे उभे राहिले की आणखी एक कॉल जोडण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. त्यामुळे मिळेल त्या दरात ग्राहक जोडणे हे रिकामे जाळे चालवण्यापेक्षा कंपनीला परवडते. सर्वच कंपन्या असा विचार करू लागल्या की दर खर्चाच्याही खाली जातात. कर्जाचे हप्ते मात्र दरांप्रमाणे कमी होत नाहीत. दरयुद्धाचा निकाल त्यामुळे सेवेच्या दर्जाइतकाच कोणाकडे अधिक काळ तोटा सोसण्याची ऐपत आहे, यावर ठरतो.

दरयुद्धाचे टप्पे

प्रारंभीच्या कंपन्यांनी चढ्या बोली लावून परवाने घेतले होते. ग्राहकसंख्या अपेक्षेइतकी न वाढल्याने त्यांना परवाना शुल्क भरणे अशक्य झाले. तेव्हा १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने मोबाईल सेवेत प्रवेश केला आणि २००३ मध्ये ५०१ रुपयांत जोडणी देण्याची योजना आणली. त्याच वर्षी मे महिन्यात येणारे कॉल निःशुल्क झाले. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमच्या 'वन इंडिया' योजनेने देशभरातील कॉलचा दर मिनिटाला एक रुपयावर आणला.

जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा या दराने आकारणी सुरू केली. तोपर्यंत दहा सेकंद बोलणाऱ्यालाही पूर्ण मिनिटाचे पैसे द्यावे लागत. इतर कंपन्यांनाही ही पद्धत स्वीकारावी लागली. जानेवारी २००८ मध्ये दिलेल्या १२२ नव्या परवान्यांमुळे एकेका दूरसंचार परिमंडळात दहाहून अधिक कंपन्या स्पर्धेत उतरल्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व परवाने रद्द केले.

त्यानंतरचे सर्वांत मोठे युद्ध ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाले. रिलायन्स जिओने कॉल आणि इंटरनेट दोन्ही आधी डिसेंबर २०१६ पर्यंत आणि नंतर मार्च २०१७ पर्यंत मोफत दिले. जिओची ग्राहकसंख्या सुमारे सहा महिन्यांत दहा कोटींवर गेली. प्रतिस्पर्धी भारती एअरटेलने याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जून २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली. नव्याने आलेली कंपनी बाजारात प्रबळ नसल्याने तिने प्रबळ स्थितीचा गैरवापर केला असे म्हणता येत नाही, अशी आयोगाची भूमिका होती. दर मर्यादेत ठेवण्याचे काम स्पर्धेवर सोपवलेल्या व्यवस्थेत स्पर्धकच उरले नाहीत तर काय, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

गुंतवणूकदार

पुढील दोन वर्षांत बाजाराचे चित्र पालटले. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाईल सेवा गुंडाळली. नॉर्वेच्या टेलिनॉरने भारतातील व्यवसाय एअरटेलला दिला, तोही रोख मोबदला न घेता. एअरटेलने केवळ स्पेक्ट्रमचे उर्वरित हप्ते आणि इतर देणी स्वीकारली. एअरसेलने २०१८ च्या प्रारंभी दिवाळखोरीचा मार्ग पत्करला. टाटांचा ग्राहक मोबाईल व्यवसाय जुलै २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला. व्होडाफोन इंडिया आणि आयडिया या दोन बड्या कंपन्यांना ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एकत्र यावे लागले.

या घडामोडींचा भार सर्व गुंतवणूकदारांवर सारखा पडला नाही. जपानच्या एनटीटी डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमधील हिस्सा घेताना बाहेर पडण्याच्या वेळी किमान निम्मी रक्कम मिळावी, अशी तरतूद करारात केली होती. त्याच्या आधारे २०१६ मध्ये लवादाने तिला सुमारे १.१७ अब्ज डॉलर मंजूर केले आणि २०१७ मध्ये हा वाद मिटला. शेअर बाजारात समभाग घेणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराकडे असे कोणतेही संरक्षण नसते. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा समभाग जानेवारी २००८ मध्ये ८०० रुपयांच्या वर होता. २०१९ च्या अखेरीस तो एका रुपयाच्या आसपास आला. कंपनीला कर्जे देणाऱ्या बँकांनाही मोठा फटका बसला. त्यांत सार्वजनिक बँकांचाही, म्हणजे पर्यायाने ठेवीदार आणि करदात्यांच्या पैशाचाही समावेश होता.

व्होडाफोन आयडियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१९ मध्ये या कंपनीने विद्यमान भागधारकांकडून प्रत्येकी १२.५० रुपये दराने २५ हजार कोटी रुपये उभे केले. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाच्या व्याख्येबाबत सरकारच्या बाजूने निकाल दिला. दूरसंचार विभागाच्या हिशेबानुसार या कंपनीचे देणे ५८ हजार कोटी रुपयांहून अधिक झाले. त्या निकालासाठी तरतूद केल्याने जुलै-सप्टेंबर २०१९ या तिमाहीत कंपनीला ५० हजार ९२२ कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला. काही महिन्यांपूर्वी १२.५० रुपयांना घेतलेला समभाग ४ रुपयांच्याही खाली घसरला. हा तोटा केवळ दरयुद्धाचा नव्हता. परंतु दरयुद्धाने कंपनीची गंगाजळी आटलेली नसती तर निकालाचा आघात इतका जीवघेणा ठरला नसता.

युद्ध जिंकणाऱ्यांचे चित्र अर्थातच वेगळे होते. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सने सुमारे एक तृतीयांश हिस्सा विकून दीड लाख कोटी रुपयांहून अधिक भांडवल मिळवले. त्यात फेसबुकचे ४३ हजार ५७४ कोटी आणि गुगलचे ३३ हजार ७३७ कोटी रुपये होते.

कर्मचारी

दूरसंचार क्षेत्रातील बेरोजगारीची मोजदाद करणे कठीण आहे, कारण या उद्योगाचे बरेचसे काम कंपन्यांच्या हजेरीपटाबाहेर चालते. २००४ मध्ये एअरटेलने जाळ्याची देखभाल एरिक्सनकडे, तर माहिती तंत्रज्ञानाचे काम आयबीएमकडे सोपवले आणि इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. मनोऱ्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ, कॉल सेंटरमधील कर्मचारी, सिमकार्ड विकणारा तरुण, वितरकाचा वसुली प्रतिनिधी हे सारे कंत्राटदारांच्या सेवेत असतात. कंपनी बंद पडते तेव्हा त्यांची नोकरी जाते. मात्र ती कपात म्हणून कोणत्याही अहवालात नोंदवली जात नाही. दोन कंपन्या एकत्र आल्या की एकाच परिसरातील दोन मनोऱ्यांची आणि दोन विक्री कार्यालयांची गरज उरत नाही.

सरकारी कंपन्यांमधील कर्मचाऱ्यांचे प्रश्न अधिक ठळकपणे समोर आले. भारत संचार निगमच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वेतनावर खर्च होत होता आणि खासगी कंपन्यांच्या दरांमुळे उत्पन्न घटत होते. फेब्रुवारी २०१९ चे वेतन वेळेवर देणे निगमला शक्य झाले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वेच्छानिवृत्ती योजनेसह पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर केले. दिल्ली आणि मुंबईत सेवा देणारे महानगर टेलिफोन निगम आणि भारत संचार निगम यांतील ९२ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी निवृत्त झाले. त्यानंतर २०२२ आणि २०२३ मध्ये आणखी दोन पॅकेजे देण्यात आली. भारत संचार निगमची स्वदेशी तंत्रज्ञानावर आधारित फोरजी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आली. तोवर खासगी कंपन्यांच्या फोरजी सेवा कित्येक वर्षे जुन्या झाल्या होत्या.

ज्यांची गणना कर्मचाऱ्यांत होत नाही, अशांनाही दरयुद्धाची झळ बसली. गावोगावच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य दिले जात असे. मोबाईलचा कॉल स्वस्त झाल्यावर ही केंद्रे ओस पडली. त्यांची जागा दहा-वीस रुपयांचे रिचार्ज विकणाऱ्या दुकानांनी घेतली. पुढे महिन्याची पॅक आणि मोबाईल अ‍ॅपवरून रिचार्ज यांमुळे या दुकानांकडे येणारी गर्दीही ओसरली.

ग्राहक

ग्राहकाला झालेला लाभ निर्विवाद आहे. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक खर्च येई, तो २०१८ मध्ये सुमारे १२ रुपयांवर आला. २०२४ मध्ये एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी डेटा वापर २० जीबीच्या आसपास होता. घरापासून दूर काम करणाऱ्या मजुराला कुटुंबाशी रोज बोलता येऊ लागले. शेतमालाचे भाव, रेल्वेचे आरक्षण, पैशांची देवघेव हे सारे हातातील फोनवर आले. हा लाभ दरयुद्धाविना इतक्या लवकर मिळाला नसता.

मात्र युद्ध संपल्यावर ग्राहकालाही त्याची किंमत मोजावी लागते. सेवा बंद पडणे हे त्याचे पहिले रूप होय. एअरसेलने ३० जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्रासह सहा परिमंडळांतील सेवा थांबवली. क्रमांक बदलू नये म्हणून ग्राहकांना अन्य कंपनीकडे धाव घ्यावी लागली. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सुविधा २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेली असल्याने त्यांचे क्रमांक तरी वाचू शकले.

दुसरे रूप दरवाढीचे. स्पर्धक कमी झाल्यावर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये तीनही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. एअरटेलचे प्रति ग्राहक मासिक उत्पन्न २०१८ च्या अखेरीस सुमारे १०४ रुपये होते. जुलै-सप्टेंबर २०२४ या तिमाहीत ते २३३ रुपयांवर पोहोचले.

या वाढीचा भार सर्वांवर समान नाही. स्मार्टफोनवर रोज दीड-दोन जीबी डेटा वापरणाऱ्याला आजही सेवा स्वस्तच पडते. पण साधा फोन बाळगणारे वृद्ध किंवा केवळ कॉल येण्यासाठी क्रमांक चालू ठेवणारा मजूर यांची स्थिती उलट आहे. पूर्वी एकदाच रक्कम भरून 'आजीवन' वैधता मिळत असे. २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे झाले. जुलै २०२४ नंतर एअरटेलच्या २८ दिवसांच्या प्राथमिक अमर्याद पॅकची किंमत १९९ रुपये झाली. शिवाय २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. डेटाच्या स्वस्ताईचा लाभ ज्यांना सर्वांत कमी मिळाला, त्यांच्याच वाट्याला दरवाढीचा मोठा भाग आला.

नियामकाने यात काही प्रमाणात हस्तक्षेप केला आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची किमान एक योजना देणे बंधनकारक केले. २३ डिसेंबर २०२४ रोजी केवळ कॉल आणि लघुसंदेशांसाठी स्वतंत्र पॅक देण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये आलेली अशी प्रमुख पॅक ८४ आणि ३६५ दिवसांची होती. रोजंदारीवर जगणाऱ्याला एवढी रक्कम एकरकमी काढणे सोपे नसते.

सरकार आणि करदाता

प्रत्येक मोठ्या दरयुद्धाच्या शेवटी सरकारला पुढे यावे लागले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना थकबाकी भरण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या १६ हजार १३३ कोटी रुपयांच्या देण्याचे समभागांत रूपांतर करण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६ हजार ९५० कोटींचे रूपांतर झाल्यावर सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के झाला. खासगी कंपनीत सरकारच सर्वांत मोठे भागधारक बनले. लिलावातून तिजोरीत येणे असलेला पैसा अशा रीतीने अंशतः कंपनीतच अडकला.

यामागील गणित साधे आहे. तिसरा स्पर्धक टिकला नाही तर खासगी बाजारात दोनच कंपन्या उरतील आणि पुढील दर त्या दोघींच्या इच्छेवर ठरतील. तो टिकवण्याचा खर्च करदात्याला उचलावा लागतो आणि करदाता हाच मोबाईलचा ग्राहकही असतो.

दरयुद्धातील स्वस्ताई खोटी नसते, पण ती फुकटही नसते. प्रथम तिचा भार भागधारक आणि बँका उचलतात, नंतर नोकरी गमावणारे कर्मचारी आणि शेवटी दरवाढीच्या रूपाने ग्राहक. या क्रमात स्वतःच्या बचावाची सोय ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्यावर सर्वाधिक भार पडतो. त्यामुळे पुढील वेळी एखादी कंपनी मोफत सेवेची घोषणा करील, तेव्हा दर किती खाली आले याबरोबरच बाजारात स्पर्धक किती उरतील, याकडेही लक्ष देणे ग्राहकाच्या हिताचे ठरेल.