मोहोळाचा कौल

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, १९७८ साली कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' या महामंडळाने ३३२ एकर जागेवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ती कल्पना. १९९४ साली इन्फोसिसचे मुख्यालय येथे आले आणि या वसाहतीचे नाव जगभर पोहोचले. मात्र त्यापूर्वी चारच वर्षे ही कंपनी विकली जाता जाता राहिली होती.

सात अभियंत्यांनी उभारलेल्या या कंपनीची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली. १९९० च्या हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, त्यांपैकी पाच जण बेंगळुरूतील लहानशा कार्यालयात जमले. कंपनीला दहा लाख डॉलरची मागणी आली होती. परवान्यांच्या काळात नऊ वर्षे राबलेल्यांना ती रक्कम मोहात पाडणारी होती. एन. आर. नारायण मूर्ती यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी आधी सर्वांचे ऐकले आणि स्वतः शेवटी बोलले. विकायचेच असेल, तर सहकाऱ्यांचा वाटा आपण घेऊ, असे खिशात पैसा नसताना त्यांनी जाहीर केले. तासाभराच्या युक्तिवादानंतर सहकाऱ्यांचे मत बदलले. आरंभीच हात वर करून मोजणी झाली असती, तर इलेक्ट्रॉनिक सिटीचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

निर्णयाची अशीच रीत निसर्गात मधमाश्यांच्या थव्यात दिसते. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाऊअर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आणि पुढे अमेरिकेच्या थॉमस सीली यांनी तिचा अभ्यास केला. पोळे सोडलेला थवा फांदीवर लटकून थांबतो. शोधक माश्या निरनिराळ्या पोकळ्या पाहून येतात आणि नाचून त्यांची माहिती देतात. जागा जितकी चांगली, तितका नाच अधिक वेळ चालतो. नाच पाहणारी माशी त्यावर विसंबून राहत नाही. ती स्वतः जाऊन जागा पारखते. पहिल्या शोधक माशीचा नाचही हळूहळू ओसरतो, म्हणून हट्टाला वाव राहत नाही. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उडतो. या निवडीत राणीमाशीचा हुकूम नसतो.

माणसांच्या सभेत वक्तृत्व असते, भिडस्तपणा असतो, पदाचा दबाव असतो. म्हणून मोहोळाची रीत तेथे जशीच्या तशी चालत नाही. तरी तिच्यातील दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत: प्रत्येकाने विषय स्वतः पारखावा, आणि पटले तर मत बदलण्यात कमीपणा मानू नये. ज्याच्या शब्दाला वजन अधिक, त्याने शेवटी बोलावे, ही तिसरी गोष्ट माणसांनी स्वतःसाठी जोडावी. वडीलधारा आधी बोलला की बाकीच्यांची मते मनातच विरतात.

हीरक महोत्सवी शाळाही शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्या अनेक बैठकांतून घडते. त्या बैठकांत सर्वांत नवख्या पालकाला आधी बोलू देण्याची प्रथा पडली, तर पुढील वाटचालीसाठी तीच मोठी शिदोरी ठरेल.