केक घेऊन आलेली बाई

११ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेत ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरीज’ या मालिकेचा ‘जोकर्स फेव्हर’ हा भाग दाखवला गेला. पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्या सत्कारसमारंभात जोकरला एक भलामोठा केक घुसवायचा असतो. तो ढकलत आत आणायला कुणीतरी हवं, म्हणून लेखक पॉल डिनी यांनी जोकरच्या टोळीत एक बाई घातली. ब्रूस टिम यांनी तिला लाल-काळा विदूषकी पोशाख चढवला. नाव हार्ली क्विन. एका भागाचं काम उरकून ती जायची होती.

ती गेली नाही. का गेली नाही, हा प्रश्न गेली काही वर्षं मी घेऊन बसलो आहे. कार्टूनवर संशोधन कसलं करायचं, असं विचारणारे मित्र मला आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की लोकनाट्याच्या अभ्यासकांनाही एकेकाळी हेच विचारलं जात होतं.

हार्लीचं मूळ घराणं इटलीच्या मुखवट्यांच्या नाटकातलं. तिथला आर्लेक्किनो हा नोकर-विदूषक म्हणजे आपल्या सोंगाड्याचा लांबचा भाऊच: चाकरी मालकाची, पण हशा स्वतःचा. तिचं जवळचं मूळ मात्र टीव्हीतच आहे. डिनी यांची मैत्रीण आर्लीन सॉर्किन ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या मालिकेतल्या एका स्वप्नदृश्यात विदूषक झाली होती. त्यावरून पात्र सुचलं, आणि आवाजही सॉर्किननेच दिला. मला तर त्या आवाजातच निम्मी हार्ली दिसते. कागदावर ती टोळीतली एक बाई होती. आवाजाने तिला स्वभाव दिला.

आता थोडा हिशेब. मालिकेची पहिली मागणीच ६५ भागांची होती. आठवड्याचे पाच दिवस धरले तर तेरा आठवड्यांचा मजकूर. नायक असा, की तो बदलत नाही, हसत नाही आणि मनातलं सांगत नाही. अशा माणसाभोवती ६५ गोष्टी रचायच्या, तर कडेला उभ्या असलेल्यांना पुढे आणावंच लागतं. या स्त्रिया पुढे आल्या त्याचं श्रेय काळाच्या जागृतीला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं श्रेय या हिशेबाचं आहे.

जानेवारी १९९३ मधला ‘हार्ली अँड आयव्ही’ हा भाग पाहावा. जोकर हार्लीला हाकलून देतो. संग्रहालयात हिरा चोरायला गेलेल्या तिला वनस्पतिवेडी पॉयझन आयव्ही भेटते आणि दोघी मिळून शहर लुटू लागतात. शेवटी पळताना त्या फुशारकी मारतात, की कुणी पुरुष आपल्याला पकडू शकणार नाही. आणि पकडते ती रेने माँटोया, बाई पोलीस! विनोद आहेच, पण या तिघींपैकी हार्ली आणि माँटोया ही दोन पात्रं याच मालिकेसाठी घडवलेली आहेत. माँटोया मार्च १९९२ च्या कॉमिकमध्ये आधी छापली गेली, एवढंच. ‘पी.ओ.व्ही.’ या भागात तीन पोलीस एकाच रात्रीची तीन वर्णनं देतात. बिल्ला काढून घेतल्यावरही धागे जुळवून गोदीवर पोचते ती माँटोयाच. पुढे कॉमिक्समध्ये ती समलिंगी असल्याचं २००३ मध्ये उघड झालं आणि नंतर तिने ‘क्वेश्चन’ या नायकाचा मुखवटाही घेतला.

पण माझ्या मते खरी गोम बार्बरा गॉर्डनच्या गोष्टीत आहे. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’ या कॉमिकमध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि ती कायमची अधू होते. कशासाठी? तिच्या वडिलांना, म्हणजे आयुक्त गॉर्डन यांना, वेड लागतं का ते पाहण्यासाठी. मुलीचं शरीर हे बापाच्या परीक्षेचं साधन. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९९३ मध्ये, ‘शॅडो ऑफ द बॅट’ हे दोन भाग आले. लेखिका ब्रिन स्टीफन्स. इथे लाचखोरीच्या खोट्या आरोपात तुरुंगात जातात ते गॉर्डन, आणि हालचाल करते ती मुलगी. वडिलांच्या पाठिंब्याच्या सभेला बॅटमॅनने यावं अशी ती विनंती करते. तो नकार देतो. मग ती स्वतःच वटवाघळाचा वेश घालून सभेत उभी राहते. मांडणीच उलटी झाली: संकट बापावर, कृती मुलीची. स्टीफन्स यांनी हे जाणून केलं की नाही, ते माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक लपत नाही.

हार्लीच्या बाबतीत मात्र मी इतका खूश नाही. डिनी आणि टिम यांच्या ‘मॅड लव्ह’ (१९९४) या कॉमिकने तिला भूतकाळ दिला: डॉक्टर हार्लीन क्विन्झेल, अर्कम मनोरुग्णालयातली मानसोपचारतज्ज्ञ, जी रुग्णाच्याच प्रेमात पडते. या अंकाला आयस्नर पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. जोकरला जे कधी साधलं नाही ते, म्हणजे बॅटमॅनला मरणाच्या दारात नेणं, तिला जवळजवळ साधतं. आणि त्याच अपमानापोटी जोकर तिला खिडकीतून खाली ढकलतो. हाडं मोडून ती इस्पितळात येते, आता संपलं असं मनाशी म्हणते, तेवढ्यात तिला जोकरने पाठवलेलं गुलाबाचं फूल दिसतं. ती विरघळते. घरोघरच्या मारहाणीचं इतकं अचूक चित्र मी गंभीर कादंबऱ्यांतही क्वचित वाचलं आहे, आणि ते हशा पिकवत मांडलेलं असल्याने मला अस्वस्थ करतं. १९९९ मध्ये ही गोष्ट मालिकेत आली, तेव्हाही शेवटी ते फूल होतंच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्लीच्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली, प्रौढांसाठी. पहिल्याच भागात ती जोकरला सोडते. केक ढकलत आत आल्यापासून तोवर २७ वर्षं झाली होती.